जुन्नरचे यवन आणि इनामगावची देवी

पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी वेगळा भाग राखला गेला, त्याचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. (हे पारनेर तालुक्यातलं सुपे, शहाजीराजांच्या जहागिरीतलं ते बारामतीकडचं.) पण परदेशी व्यापारी या पठाराला नवे नाहीत. नकाशावर सुप्यावर बोट ठेवा. पश्चिमेला जुन्नर, ईशान्येला नेवासे आणि त्यापुढे पैठण, तर थेट दक्षिणेला, सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, घोड नदीकाठचं इनामगाव. ग्रीकांचा महाराष्ट्राशी संबंध किती, कसला आणि कुठपर्यंत, या प्रश्नावर गेली पावणेदोनशे वर्षं जो खल चालला आहे, त्यातले कळीचे पुरावे याच टापूतून निघाले.

ग्रीक म्हटलं की आपल्याला अलेक्झांडर आठवतो. तो पंजाबातूनच माघारी फिरला. दख्खनशी त्याचा काडीचाही संबंध नाही. इथे आले ते नंतरचे ग्रीक, आणि आले ते मालाच्या गाठोड्यांसोबत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तच्या बंदरांतून मोसमी वाऱ्यावर जहाजं सुटत आणि भडोच, सोपारा, कल्याणला लागत. या जहाजांवरच्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची मार्गदर्शिका लिहून ठेवली. आपलं नाव त्याने कुठे दिलेलं नाही, पण माल, भाव आणि धोके यांबाबत माणूस अगदी चोख. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असा हिशेब तो देतो. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून तऱ्हेतऱ्हेचं कापड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला येतं, असंही नोंदवतो. उलट दिशेने यायची ती दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. दारूत इटलीच्या दारूला मागणी जास्त.

त्याची एक तक्रारही आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर खुलं बंदर होतं. आता तिथे अडवणूक होते आणि चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्यात कोकणपट्टी आणि घाटवाटा यांवरून जी रस्सीखेच चालली होती, तिची ही परक्या माणसाने लिहिलेली साक्ष. घाटवाटा ज्याच्या हाती, जकात त्याच्या हाती. कल्याणहून नाणेघाट चढला की जुन्नर, आणि जुन्नरहून पैठण गाठायचं तर आजचा नगर जिल्हा ओलांडावाच लागतो.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत शेकड्यांनी लेणी आहेत. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री, तुळजा असे त्यांचे गट. त्यांतले लेख कंपनी सरकारच्या काळात कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने उतरवून घेतले आणि १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत छापले. त्याच वर्षी कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचं कोडं पुरतं उलगडलं. यात एक गंमत आहे. ब्राह्मीची पहिली काही अक्षरं जर्मन पंडित लासेनला आदल्या वर्षी लागली होती, ती अगॅथोक्लिस या इंडो-ग्रीक राजाच्या दुभाषी नाण्यावरून. एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी. यवन हा ग्रीकांसाठीचा आपल्याकडचा जुना शब्द. म्हणजे जुन्नरच्या लेखांतले यवन कोण, हे वाचायची किल्ली एका यवन राजानेच ठेवली होती.

हे लेख नीट लावले ते पंडित भगवानलाल इंद्रजींनी. मूळचे जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेले हे गृहस्थ. इंग्रजी बेताचं, पण लेख वाचण्यात साहेबही त्यांच्यापुढे शिकाऊ. जेम्स बर्जेससोबत त्यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांचं पुस्तक १८८१ साली काढलं. त्यात जुन्नरचे तीन यवन आहेत. गतांपैकी इरिल याने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी दिली. गतांपैकीच चित याने बौद्ध संघाला भोजनमंडप दिला. तो शिवनेरीच्या डोंगरात आहे. तिसऱ्या चंदाने मानमोडीच्या चैत्यगृहाची दर्शनी बाजू करून दिली. स्थानिक लोक त्याला भूतलेणं म्हणतात.

एवढंच. ना पराक्रमाची वर्णनं, ना वंशावळ. एकाने पाणी दिलं, दुसऱ्याने जेवायची जागा, तिसऱ्याने दार. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. चंदाने ज्या दर्शनी भागाचा खर्च उचलला, त्याच्या कमानीत कोरली आहे ती कमळातली, हत्तींच्या मधली लक्ष्मी. अथीना नाही की अपोलो नाही.

कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात हाच प्रकार. तिथे खांबाखांबावर दात्यांची नावं आहेत आणि त्यांतले अनेक जण धेनुकाकट नावाच्या गावचे यवन. नावं मात्र सिंहध्वज, धर्म, यशवर्धन अशी. त्यांच्या शेजारी त्याच गावचा गंधी आहे, सुतार आहे. देणगीदारांच्या पाटीवर आपण आज जसे शेजारी-शेजारी लागतो, तसे ते लागले आहेत.

आता प्रश्न असा की, यांना ग्रीक म्हणायचं कशाच्या जोरावर? इथून पंडितांची खरी झटापट सुरू झाली. नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी १९१२ साली ‘गत’ म्हणजे युरोपातले गॉथ, असं सुचवलं. जर्मन जमातीतले दोघे जण जुन्नरला येऊन टाकं आणि भोजनशाळा बांधून गेले! कल्पना रंगतदार आहे, पण एका शब्दाच्या उच्चारसाम्यावर एवढी मजल मारणं म्हणजे अतीच झालं. पुढे १९३८ साली टार्न यांनी बॅक्ट्रिया आणि भारतातल्या ग्रीकांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. लेण्यांतले हे भारतीय नावांचे यवन वंशाने ग्रीक नसून ग्रीक नगरांचे भारतीय नागरिक असावेत, असा त्यांचा पवित्रा. टार्न मोठा विद्वान, पण ग्रीक जगाची एक शाखा म्हणून भारताकडे पाहणारा. १९५७ साली अवध किशोर नारायण यांनी नेमकं उलट टोक पकडलं: इंडो-ग्रीकांचा इतिहास हा भारताच्या इतिहासाचा भाग आहे. माझं मत विचाराल तर नारायण यांचं पारडं जड आहे, कारण महाराष्ट्रातले यवन जिथे जिथे दिसतात तिथे इथल्याच भाषेत, इथल्याच धर्मात आणि इथल्याच रिवाजाने दिसतात.

याच सुमारास पुण्यातल्या एका गणितज्ञाने या वादात उडी घेतली. दामोदर धर्मानंद कोसंबी रोज दख्खनच्या राणीने मुंबईला टाटा संशोधन संस्थेत जायचे आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर पालथे घालायचे. १९५५ साली त्यांनी धेनुकाकटावर निबंध लिहिला. राजवंश आणि वांशिक शुद्धता यांच्या फंदात न पडता त्यांनी साधा प्रश्न विचारला: हे लोक पोट कशावर भरत होते? उत्तर: व्यापार. लेणी घाटवाटांच्या तोंडाशी का आहेत, संघाला देणग्या कोण देतं आणि का देतं, हे त्यांनी पायी फिरून ताडलं. कार्ल्याच्या एका खांबावरच्या स्फिंक्सकडे, म्हणजे माणसाच्या तोंडाच्या सिंहाकडे, त्यांनी लक्ष वेधलं. इतक्या खांबांत, इतक्या यवन दात्यांत, परदेशी खूण म्हणावी तर ती एवढीच.

नाशकात मात्र गोष्टीला धार आहे. पांडवलेण्यांतलं सतरावं लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने दिलं. तो उत्तरेकडचा यवन, दत्तामित्री गावचा. हे गाव डिमिट्रियस राजाच्या नावावरून वसलेलं असावं असं मानतात. मुलगा धम्मरक्षित याच्यासह, आईवडिलांच्या पुण्यासाठी त्याने लेणं, चैत्यगृह आणि टाकी कोरवली. आणि त्याच डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षी, गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून ठेवली: शक, यवन, पल्हव यांचं निर्दाळण करणारा. शंभर-दीडशे पावलांच्या अंतरावर एक यवन पुण्य जोडतो आहे आणि एक राजमाता यवनांच्या नाशाचा अभिमान मिरवते आहे. शाळेच्या पुस्तकात फक्त दुसरी ओळ येते. दोन्ही खऱ्या आहेत. राजाच्या प्रशस्तीतला यवन हा शत्रूच्या यादीतला शब्द. देणगीतला यवन हा नावागावाचा माणूस.

सातकर्णीने केलेल्या निर्दाळणाचा सर्वांत बोलका पुरावा १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला मिळाला. एका हंड्यात चांदीची १३,००० हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतली ९,००० हून अधिक नाणी सातकर्णीने पुन्हा ठोकलेली. नहपानाचं नाणं हातात धरलं तर एका बाजूला राजाचा मुखवटा दिसतो आणि त्याच्या कडेने फिरणारी ग्रीक अक्षरं. भाषा ग्रीक नाही. राजा क्षहरात नहपान हे प्राकृत शब्दच ग्रीक लिपीत बसवले आहेत. उलट बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. तीन लिप्या, एकच मजकूर. सातकर्णीच्या टांकसाळीने त्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर मारला. पण घाईत मारला. कित्येक नाण्यांवर डोंगराखालून नहपानाचं नाक आणि दोन-चार ग्रीक अक्षरं अजून डोकावतात. राजा पडला तरी चांदी तीच राहिली. आणि व्यापाऱ्याच्या लेखी तेवढंच महत्त्वाचं.

लेख आणि नाणी झाली, आता माती. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलरने पुदुचेरीजवळ अरिकमेडूला खणलं आणि भूमध्य समुद्राकडची मातीची भांडी भारतात कशी ओळखायची याचा वस्तुपाठ घालून दिला. तेव्हापासून देशभरचे उत्खननकार खापरांकडे नव्या नजरेने पाहू लागले. डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी तर विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये व्हीलरच्याच उत्खननावर काम केलं होतं. १९५४ साली त्यांनी शां. भा. देव, झै. दा. अन्सारी यांच्यासह नेवाशाला लाडमोड टेकाड उघडायला घेतलं. ज्ञानेश्वरीचं नेवासे, पैस खांबाचं नेवासे. त्याच्याच शिवारात अश्मयुगापासून मुसलमानी अमलापर्यंतचे थर निघाले. सातवाहन थरात शिशाची नाणी, मणी आणि अँफोरा या उभट रांजणांचे तुकडे. दोन कान, अरुंद मान, खाली निमुळतं टोक, साधारण २५ लिटरची सामाई. या जातीच्या एका प्रकारात कान दोन लांब वळ्या शेजारी-शेजारी चिकटवून केलेला असतो. ती ढब मूळची ग्रीसच्या कोस बेटाची. पुढे इटलीवाल्यांनी आपल्या दारूसाठी उचलली. भरलेला असा रांजण जहाजातून उतरवून, बैलावर किंवा गाडीत घालून, घाट चढवून प्रवरेकाठी आणायचा म्हणजे पिणाऱ्याची ऐपत काय असेल!

इथे थोडं सावध राहायला हवं. भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेली पुष्कळशी खापरं पुढे तपासणीत इराक-इराणकडच्या लांबोळ्या रांजणांची ठरली. व्हीलरच्या यशानंतर दिसेल त्या जाड खापरात रोम पाहायची खोड लागली होती. नेवाशाचं महत्त्व मात्र या चाळणीतूनही टिकलं. १९९८ साली सुनील गुप्ता यांनी तिथल्या साहित्याचा नव्याने अभ्यास करून पश्चिम भारतातल्या या व्यापारासाठी नेवासे नमुन्याचं ठिकाण मानलं.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर चाळिशीच्या दशकात निघालेल्या काशाच्या वस्तूंबद्दल मात्र शंकेला जागा नाही. त्यांत समुद्रदेव पोसायडनची छोटी, सुबक मूर्ती होती, आणि पर्सियस-अँड्रोमिडा यांच्या कथेचं चित्र उठवलेली एक चकती. समुद्रापासून दूर, पंचगंगेच्या काठी, समुद्राचा देव! तो तिथे कुणी पुजला, की नुसता शोभेची वस्तू म्हणून कोनाड्यात ठेवला, की मोडीच्या भावात विकायला आणला, यावर हवं तेवढं लिहिता येईल. ज्या घरात तो सापडला तिथे इतर काशाचं भांडंकुंडंही होतं. मला तरी त्यात देव्हाऱ्यापेक्षा दुकान जास्त दिसतं.

आतापर्यंत सगळं वस्तूंबद्दल झालं. वादाला खरा रंग चढला तो देवीवरून.

तेर, नेवासे, भोकरदन या सातवाहनकालीन गावांतून हाताच्या पंजाएवढ्या मृण्मूर्ती मिळतात: बाळंतिणीसारखे गुडघे वर घेऊन पाय फाकवलेली नग्न स्त्री, बहुधा डोक्याविना, पुढच्या काळात डोक्याच्या जागी कमळ. हीच लज्जागौरी. १९६० साली सांकलियांनी ‘आर्टिबस एशियाए’ या कलाविषयक नियतकालिकात तिच्यावर निबंध लिहिला आणि तिचं मूळ इजिप्तकडच्या बाउबोत शोधलं.

ही बाउबो कोण? ग्रीकांची धान्यदेवी डिमीटर. तिची मुलगी पाताळात पळवली गेली. आई अन्नपाणी सोडून एल्यूसिस गावी सुन्न बसून राहिली. तेव्हा बाउबो नावाच्या बाईने आपलं वस्त्र वर केलं आणि देवीला खुदकन हसू फुटलं. मग तिने पेय घेतलं. ही कथा आपल्यापर्यंत पोहोचली ती दुसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमंट या ख्रिस्ती लेखकाच्या कृपेने. त्याने ती ग्रीक धर्माची टवाळी करायला सांगितली! १८९०च्या दशकात जर्मन उत्खननकारांना आशिया मायनरमधल्या प्रिएनीला डिमीटरच्या स्थानात चमत्कारिक मूर्ती मिळाल्या, पोटावरच चेहरा असलेल्या. त्यांनाही बाउबो म्हटलं गेलं. रोमन अमलाखालच्या इजिप्तमध्ये पाय फाकवून बसलेल्या बायकांच्या मृण्मूर्ती सापडल्या, त्याही बाउबोच ठरल्या. सांकलियांचा तर्क सरळ होता. लज्जागौरी दिसते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, आणि दिसते ती रोमन माल सापडणाऱ्या गावांतच. तेव्हा दारूच्या रांजणांसोबत ही देवीही आली असणार.

तर्क टाकाऊ नव्हता. तेरच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांत घालून, पोकळ काढलेल्या असतात आणि ते तंत्र पश्चिमेकडून आल्याचं मानलं जातं. तंत्र येतं, तर कल्पना का नाही?

पण १९६८ ते १९८३ या काळात त्याच डेक्कन कॉलेजने, सांकलिया, म. के. ढवळीकर आणि अन्सारी यांच्या देखरेखीखाली, शिरूर तालुक्यात इनामगाव खणलं. जोर्वे संस्कृतीचं हे शेतकऱ्यांचं गाव. जोर्वे हे नावही नगर जिल्ह्यातलंच, संगमनेर तालुक्यातलं. तिथे एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची लांबट डबी पुरलेली मिळाली. डबीत बिनडोक्याची नग्न स्त्री. डबीवर दुसरी स्त्री, तिला डोकं आहे. सोबत एक बैल. स्त्रीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोकं. त्यांतून काडी घातली की बिनडोक्याची देवी बैलावर नीट बसते. काळ इसवी सनापूर्वी तेराशेच्या आसपास, म्हणजे प्रिएनीच्या मूर्तींच्या कितीतरी आधी आणि नाणेघाटातून दारूचा पहिला रांजण वर येण्यापूर्वी तेराशे वर्षं.

आता शहाणपणाने बोलायचं तर इनामगावची देवी म्हणजे लज्जागौरी नव्हे. तिच्यात ती ओळखीची बैठक नाही, कमळ नाही, आणि मधल्या हजार वर्षांची साखळी जोडायची तर बरीच ओढाताण करावी लागते. पण बिनडोक्याची स्त्री-देवता ही कल्पना घोडनदीच्या खोऱ्यात घरच्या जमिनीखाली जपून ठेवण्याइतकी रुजलेली होती, हे त्या डबीने सिद्ध केलं. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली ‘लज्जागौरी’ हे पुस्तक लिहून तिचं नातं रेणुका, यल्लम्मा, मातंगी यांच्याशी जोडलं, म्हणजे थेट जिवंत लोकधर्माशी. बाउबोचा धागा पुरता तुटला असं मी म्हणणार नाही. साचा तिकडचा, माती आणि माता इकडची, असा निवाडा मला पटतो.

आणि सांकलियांबद्दल आदर वाढतो तो इथेच. ज्यांनी देवी बाहेरून आली म्हटलं, त्यांच्याच पथकाने बिनडोक्याची देवी इथे आधीपासून असल्याचा पुरावा खणून काढला आणि १९८८ च्या अहवालात तो जसाच्या तसा छापला. ‘सगळं ग्रीकांकडून आलं’ म्हणणारे साहेब आणि ‘आपण कुणाकडून काहीच घेतलं नाही’ म्हणणारे आपले अभिमानी, दोघांनीही या शिस्तीचा धडा घ्यावा.

यवन पुढे दिसेनासे झाले. त्यांना कुणी हाकललं नाही. सिंहध्वज आणि यशवर्धन या नावांची माणसं दोन पिढ्यांनंतर वेगळी ओळखायची कशी? मिनँडर या ग्रीक राजाचं नाव तर मिलिंद होऊन घरोघरी नांदतं आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला, नागसेनाशी वाद करणाऱ्या या राजाचंच नाव दिलं.

शिवनेरीवर शिवजन्माचं स्थान पाहायला वर्षभर रीघ असते. त्याच डोंगराच्या कड्यात चित यवनाने दिलेला भोजनमंडप आहे, पण तिकडे फारसं कुणी वळत नाही. सुप्याहून जुन्नर काही लांब नाही. पुढच्या खेपेला लेण्यांसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. वाट अवघड आहे, तेव्हा गावातला माहितगार सोबत घ्या, आणि भिंतीवर आपलं नाव कोरू नका.